धंदा शिकावा तो जाणत्याकडून

(गावातील प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारोपाला, वर्गातल्या विद्यार्थ्यांपुढे एका वयोवृद्ध दुकानदाराने केलेले भाषण)

मंडळी, आयाबहिणींनो, आणि मागे दारात उभ्या असलेल्या पोरांनो, तुम्हीही पुढे येऊन बसा. आजचे बोलणे जास्त करून तुमच्यासाठीच आहे.

तुम्ही सगळे लिहा-वाचायला शिकलात. आता सही करता येते, एस.टी.ची पाटी वाचता येते, पोराचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत नाही. ही काही लहान गोष्ट नाही. पण गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या एका तरुणाने मला विचारले, “काका, अक्षरं तर आली. आता पुढं काय? नोकरी शोधू, का एखादा धंदा करू?” मागे बसलेल्या एका बाईंनीही हळूच विचारले, “आम्हां बायकांना घर सांभाळून काही करता येईल का?”

प्रश्न चांगले आहेत. मी चाळीस वर्षे लोखंडी सामानाचे दुकान चालवले. नांगराचे फाळ, मोटेची चाके, पुढे पंपाचे सुटे भाग, असे सगळे विकले. म्हणून गुरुजींनी मला आज बोलायला उभे केले. पण माझी गोष्ट ती केवढीशी! त्यापेक्षा ज्यांच्याकडून आम्ही धंदा शिकलो, त्यांची गोष्ट सांगतो. आपली माणसे आहेत, आपल्याच मुलखातली आहेत. त्यातून तुमच्या प्रश्नाचे उत्तर सापडते का पाहू.

एक दार बंद झाले तर

तुम्ही शेतावर पंप पाहता. काहींच्या पंपावर ‘किर्लोस्कर’ असे लिहिलेले असते. आता तुम्हाला ते वाचता येते. हे नाव ज्यांच्यामुळे घरोघरी गेले, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घर शास्त्री-पंडितांचे. पण या मुलाचे मन पोथीत रमेना. त्याला दोन गोष्टींचा नाद. एक चित्रे काढण्याचा, दुसरा यंत्रे पाहण्याचा.

चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले. तिथे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट नावाची मोठी शाळा आहे, तिच्यात नाव घातले. दोन वर्षे शिकले. आणि मग कळले, की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. हा डोळ्यांचा जन्मजात दोष असतो. त्याला औषध नाही. आता सांगा, ज्याला रंग कळत नाही त्याने चित्रकार कसे व्हावे?

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून घरी आला असता. लक्ष्मणरावांनी विचार केला. रंग कळत नाही, पण रेघ तर कळते! हात तर स्थिर आहे! मग त्यांनी रंगाची कला सोडली आणि यंत्रांचे नकाशे काढण्याची कला धरली. यंत्राचा प्रत्येक भाग किती लांब, किती जाड, कुठे भोक, कुठे आटा, हे सगळे मापाने कागदावर काढायचे. तो कागद पाहून कारागिराने तसाच भाग घडवायचा. हे काम ते इतके चांगले शिकले, की मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या यंत्रशाळेत ते शिक्षक झाले.

पोरांनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. एक दार बंद झाले म्हणून सगळे घर बंद होत नाही. पण दुसरे दार कुठे आहे, हे ज्याचे त्याने चाचपून पाहावे लागते. परीक्षेत नापास झालेला, भरतीत उंची कमी पडलेला, असा मुलगा आपल्या गावात आहे. त्याने स्वतःला विचारावे, “मला काय येत नाही ते कळलं. आता मला काय येतं?”

वस्तू विका, आणि तिची विद्याही द्या

लक्ष्मणराव मुंबईला शिकवत होते. त्यांचे वडीलभाऊ रामूअण्णा बेळगावला होते. दोघा भावांनी मिळून १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले. सायकल म्हणजे त्या काळी फार मोठी नवलाई. किंमत सातशे रुपयांपासून हजार रुपयांपर्यंत. त्या वेळचे हजार रुपये बरं का! मुंबईहून लक्ष्मणराव सायकल पाठवत आणि बेळगावात रामूअण्णा विकत.

पण सायकल घेणाऱ्याला ती चालवता कुठे येत होती? मग रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवीत. त्याचे पंधरा रुपये घेत. सायकल मोडली तर दुरुस्तीही तिथेच.

यात धंद्याचे मोठे मर्म आहे. माणसाला नुसती वस्तू नको असते. तिचा उपयोग हवा असतो. तुम्ही शेतकऱ्याला फवारणीचा पंप विकला, पण तो धुवायचा कसा हे सांगितले नाही, तर महिन्यात तो बिघडणार. मग तो माणूस तुमच्या दारी फिरकणार नाही, आणि चार लोकांना सांगेल ते वेगळेच. गिऱ्हाइकाला वस्तू वापरायला शिकवलेत, तर तो गिऱ्हाईक जन्माचा तुमचा झाला.

नांगर आणि शेतकऱ्याचा संशय

पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. लहानसा कारखाना काढला. आधी कडबा कापायचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर करायला घेतला.

तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना लाकडी नांगर आठवत असेल. तो जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर जमीन खोल फाडतो, आणि खालची माती वर आणून पालथी घालतो. तण गाडले जाते. हरळीच्या मुळ्या उघड्या पडून उन्हाने वाळतात. खाली पाणी मुरते. असे लोखंडी नांगर तेव्हा विलायतेहून येत. तसा नांगर आपल्याकडे करावा, असे लक्ष्मणरावांच्या मनात आले.

नांगर तयार झाला. पण घेणार कोण? शेतकरी म्हणू लागले, “लोखंड लागलं की जमिनीत विष भिनतं. काळी आई नासते.” पहिले मोजके नांगर विकायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! कारखान्यात माल पडून, पैसा अडकून, आणि गिऱ्हाईक दारातून परत जातो आहे.

आज आपण हसतो. पण मी म्हणतो, हसू नका. त्या शेतकऱ्याच्या बाजूनेही पाहा. शहाण्याचा प्रयोग फसला तर त्याचे थोडे पैसे जातात. शेतकऱ्याचा प्रयोग फसला तर वर्षभराची भाकरी जाते. म्हणून तो कानावर विश्वास ठेवत नाही, डोळ्यांवर ठेवतो. शेजाऱ्याच्या रानात नांगर चालला, त्या रानात पीक डोक्याइतके आले, की मग तो आपण होऊन विचारतो, “हे केवढ्याला मिळतं?”

विकणाऱ्याने दोन गोष्टी शिकाव्यात. एक, गिऱ्हाईक नाही म्हणाला तर त्याला अडाणी म्हणू नये. त्याची भीती कशाची आहे ते शोधावे. दुसरी, माल चांगला आहे याची आपल्याला खात्री असेल तर धीर सोडू नये. पण धीर धरायचा तर घरात दोन महिन्यांची मीठभाकर हवी. ज्याचे घर रोजच्या विक्रीवरच चालते त्याला दोन वर्षे थांबता येत नाही. म्हणून शेतीवाडी, जोडधंदा, कुणाची तरी मजुरी, असा एक आधार ठेवूनच नवा धंदा सुरू करावा. सायकलीचे दुकान होते, म्हणून नांगराला थांबता आले.

माळावर गाव वसले

नांगर कुठे खपू लागला, तोच दुसरे संकट. बेळगाव शहर वाढत होते. कारखान्याची जागा त्या वाढीत गेली. बस्तान हलवावे लागले. जायचे कुठे?

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांची-लक्ष्मणरावांची ओळख होती. या माणसाच्या हातात काय गुण आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली, आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले.

जमीन म्हणजे कशी? नुसता माळ. निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेरघर. १९१० सालच्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव, रामूअण्णा, कामगार आणि त्यांची बायकापोरे तिथे येऊन राहिली. निवडुंग तोडला. पाणी आणले. शेड उभी केली. राहायला घरे बांधली. त्याच जागेचे पुढे ‘किर्लोस्करवाडी’ झाले. आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. रेल्वेच्या स्टेशनालाही तेच नाव मिळाले.

इथे कर्जाविषयी दोन शब्द बोलतो. कर्ज वाईट, असे सरसकट म्हणू नका. कर्ज दोन जातींचे असते. एक कर्ज स्वतः काम करते. त्यातून म्हैस येते, शिलाईयंत्र येते, पंप येतो. ते आपले व्याज आपणच कमावते. दुसरे कर्ज एका दिवसात जेवणावळीत आणि वाजंत्रीत उडून जाते, आणि त्याचे व्याज मात्र तुम्ही रानात घाम गाळून फेडता. कर्ज काढण्याआधी विचारा, “हे कर्ज काम करणार, का मला कामाला लावणार?”

आणि व्याजाचा दर वाचायला शिका. ‘शेकडा तीन’ म्हटले की कानाला गोड लागते. पण ते महिन्याला शेकडा तीन असते. दहा हजारांना महिन्याला तीनशे, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. तेच वर्षाला शेकडा बारा असेल तर वर्षाचे १,२०० रुपये. दोन्हीत २,४०० रुपयांचा फरक! हे आता तुम्हाला पाटीवर मांडता येते. कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. पूर्वी अंगठा उमटवताना तुमचा नाइलाज होता. आता तो राहिला नाही.

माणसे घडवावी लागतात

किर्लोस्करवाडीत आलेली माणसे काही मोठी शिकलेली नव्हती. अनंतराव फळणीकर यांची शाळा अर्ध्यातच सुटली होती. ते तिथे कल्पक इंजिनियर झाले. शंभोराव जांभेकर साधे गृहस्थ. त्यांनी कारखान्याची व्यवस्थाही पाहिली आणि यंत्रांचे कामही पाहिले. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि हिशेबाचा सगळा भार त्यांनी उचलला. रामूअण्णांनी वाडीची घडी बसवली.

लक्ष्मणरावांनी आणखी एक धाडस केले. तुरुंगात शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना कामावर घेतले, आणि त्यांना काम दिले ते रात्रीच्या पहाऱ्याचे! लोक म्हणाले असतील, मांजराला दुधाची राखण! पण विश्वास टाकला की माणूस बदलतो, हे त्यांना पाहायचे होते. वाडीत त्यांनी शिवाशीवही पाळू दिली नाही. हे मी शंभर वर्षांपूर्वीचे सांगतो आहे. आजही काही गावांत पाणवठ्यावरून भांडणे होतात. यंत्राचा दांडा फिरवणारा हात कोणत्या जातीचा, हे यंत्र विचारत नाही. मग माणसाने का विचारावे?

ज्याला धंदा वाढवायचा आहे, त्याने ही गोष्ट गाठीला बांधावी. एकट्याच्या दोन हातांनी दुकान चालते, धंदा वाढत नाही. हाताखालच्या माणसाला काम शिकवावे लागते. पुष्कळ मालकांना वाटते, याला सगळे शिकवले तर हा उद्या शेजारी दुकान थाटेल. थाटू द्या! जो मालक माणूस शिकवतो, त्याच्याकडे शिकायला चांगली माणसे येत राहतात.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती माल येईनासा झाला, आणि देशी मालाला मागणी आली. पण लोखंड आणि कोळसा मिळणेही कठीण झाले. त्यातून कारखाना तगला. १९२० साली त्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी वाडीहून मासिक काढले. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून नावाजले. ऊस गाळायचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे, पाण्याचे पंप, असा माल वाढत गेला. लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव याला शिकायला अमेरिकेत धाडले. तो १९२६ साली इंजिनियर झाला, आणि पुढे त्याने हा उद्योग कितीतरी पटींनी वाढवला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

सात बायका आणि ऐंशी रुपये

आता तुम्ही म्हणाल, “काका, त्यांना राजानं जमीन दिली. आम्हाला कोण देणार?” म्हणणे खोटे नाही. प्रत्येकाला राजा भेटत नाही. प्रत्येकाला रामूअण्णांसारखा भाऊही नसतो. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. ही बायकांची गोष्ट आहे.

मुंबईत गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारती आहेत. तिथे राहणाऱ्या सात गुजराती गृहिणी. शिक्षण बेताचे, दुपारी हाताला रिकामपण, आणि घरात पैशाची ओढ. पापड लाटणे एवढीच कला हातात. त्यांनी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतले. सगळे त्यांना छगनबापा म्हणत. १५ मार्च १९५९ रोजी या सातजणी इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि पापडांची चार पाकिटे केली. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने ती विकायला घेतली.

छगनबापांनी नुसते पैसे दिले नाहीत. त्याहून मोलाचे म्हणजे शहाणपण दिले. बायकांनी आधी दोन प्रकारचे पापड करायचे ठरवले होते. एक चांगला, आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. बापा म्हणाले, तसे करू नका. एकच चांगला पापड करा आणि त्याचा दर्जा कधी खाली येऊ देऊ नका. दुसरे त्यांनी सांगितले, की हिशेब चोख ठेवा. आणि हा धर्मादाय नाही, धंदा आहे, असे समजून चालवा. त्या बायकांचाही निर्धार होता, की तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही.

पहिल्याच पावसाळ्यात काम थांबले. ऊन नाही तर पापड वाळणार कसे? चार महिने धंदा बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केले, ऐका. एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला. बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि आत पापड वाळत आहेत! यात कुठले मोठे यंत्र होते? खाट तर आपल्या घराघरात आहे.

आणखी एक गोष्ट. १९६१ साली त्यांनी मालाडला शाखा काढली. ती चालली नाही. ती बंद केली, पण मूळ काम बंद केले नाही. पुढच्या शाखा विचाराने काढल्या. अपयश आले तर तेवढे पाऊल मागे घ्यावे, सगळा प्रवास सोडू नये.

१९६२ साली त्या पापडाचे नाव ‘लिज्जत’ ठेवले. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून जास्त बायका काम करतात. सकाळी मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. काम करणारी प्रत्येक बाई तिथे मालकीण आहे. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

बाईंनी मला विचारले होते, घर सांभाळून काही करता येईल का? त्यांना माझे उत्तर हेच. गावात तुमचा बचत गट आहे. दहाजणी आहात. पण एकमेकींवर विश्वास हवा, माल एकसारखा हवा, आणि हिशेब लिहिलेला हवा.

वही काय सांगते

हिशेबाचे एक उदाहरण इथेच मांडू. खडू घ्या.

समजा, दोघी बायकांनी दोन दिवस खपून पाच किलो शेवया केल्या. रवा-मैदा २५० रुपये. तेल-मीठ २० रुपये. पिशव्या ३० रुपये. बाजाराला जाण्यायेण्याचे ६० रुपये. एकूण खर्च ३६० रुपये. शेवया १२० रुपये किलोने विकल्या. पाच किलोचे ६०० रुपये आले. वरचे राहिले २४० रुपये. दोघी खूश!

पण थांबा. दोघींनी दोन दोन दिवस काम केले. म्हणजे चार रोज झाले. २४० ला चारने भागा. रोजाला ६० रुपये पडले. खुरपणीला गेला असतात तर याहून किती जास्त रोज मिळाला असता! म्हणजे नफा झालाच नाही. उलट तुम्ही स्वतःलाच कमी मजुरी दिलीत. त्यातून एक किलो उधारीवर गेली आणि ते १२० रुपये बुडाले, तर रोज ३० रुपयांवर येतो.

मग काय करायचे? धंदा सोडायचा? नाही. वही सांगते ते ऐकायचे. एका खेपेला पाच किलोऐवजी वीस किलो नेल्या, तर जाण्यायेण्याचे साठ रुपये वीस किलोंवर वाटले जातील. रवा ठोक घेतला तर स्वस्त पडेल. शेवयांचे यंत्र गटाने घेतले तर चार रोजांचे काम कमी रोजांत होईल. माल खरोखर चांगला असेल तर दर थोडा वाढवता येईल. पण हे सगळे कळते कशाने? वहीने. तोंडी हिशेबात आपले कष्ट कधी धरले जात नाहीत. आणि बायकांचे कष्ट तर मुळीच धरले जात नाहीत.

म्हणून रोज रात्री पाच मिनिटे काढा. वहीत तीन रकाने पाडा. आले किती, गेले किती, येणे किती. उधारीचा रकाना वेगळा ठेवा. चाळीस वर्षांत मी पुष्कळ दुकाने बंद पडलेली पाहिली. माल वाईट होता म्हणून बंद पडलेली थोडी. उधारी लिहिली नाही, आणि लिहिली तरी भिडेपायी मागितली नाही, म्हणून बंद पडलेली फार. घरचा पैसा आणि दुकानाचा पैसा एका डब्यात ठेवला म्हणूनही काही बंद पडली. डबे दोन ठेवा. दुकानाच्या डब्यातून घरात साखर आली, तरी ती वहीत मांडा.

तर मग नोकरी का धंदा?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. बाळा, नोकरी का धंदा, हा प्रश्न जरा बाजूला ठेव. आधी विचार, मला कोणते काम चांगले येते? काहीच येत नसेल तर ते कुणाकडून शिकता येईल? लक्ष्मणरावसुद्धा आधी शिकले, मग नोकरी केली, आणि मग कारखानदार झाले. नोकरी करताना त्यांनी वेळ फुकट घालवला नाही. त्या सात बहिणींना छगनबापा भेटले, कारण त्या विचारायला गेल्या.

तुला मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान काढायचे आहे ना? मग जमिनीचा तुकडा विकून आधी गाळा घेऊ नकोस. एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडे दोन वर्षे काम कर. हात काळे होऊ देत. तो गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, सुटे भाग कुठून आणतो, कोणाला उधार देतो, कोणाला देत नाही, हे बघ. रात्री ते वहीत लिहून ठेव. तुला आता लिहिता येते. दोन वर्षांनी ती वहीच तुला सांगेल, दुकान काढावे की नाही. कदाचित ती सांगेल, “नको, तुझा जीव यात नाही.” तेही कळले तर बरेच झाले. जमीन तर वाचली!

आणि मिस्त्रीनेही एक करावे. असा मुलगा दारात आला तर त्याला नुसता चहा आणायला पाठवू नये. त्याच्या हातात पाना द्यावा. आपल्यालाही कधी कोणी तरी पाना दिला होता.

आईबापांनाही एक विनंती आहे. मुलगा म्हणाला, मला धंदा करायचा आहे, तर लगेच “आपल्यात कोणी केला नाही” असे म्हणू नका. शास्त्री-पंडितांच्या घरात तरी लोखंडाचा धंदा आधी कोणी केला होता? पण तो नुसताच म्हणाला, “मला पैसे द्या,” तर पैसेही देऊ नका. त्याला वही मागा. खर्च किती, विक्री किती, गिऱ्हाईक कोण, हे मांडून आण म्हणावे. जो मांडून आणील त्याच्या पाठीशी उभे राहा.

मंडळी, वर्ग आज संपतो आहे. वही मात्र बंद करू नका. पुढच्या महिन्यात मी परत येणार आहे. तेव्हा भाषण करणार नाही. तुमच्या हिशेबाच्या वह्या पाहीन. ज्याची वही कोरी असेल त्याने मला चहा पाजायचा, आणि ज्याची भरलेली असेल त्याला मी पाजीन. मला जास्त चहा पाजावा लागो, एवढीच इच्छा.

रामराम.